हेडसेट डोक्यावर ठेवण्याआधी



मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. पण माझ्या खालाच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो आता १९ वर्षांचा आहे आणि खानदानात अजून कुजबुज चालते: नात्यात लग्न केलं म्हणून असं झालं. नात्यातल्या लग्नांवर जरूर बोलू, पण त्याचा इथे संबंध नाही. २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत, हे कारण पॅरिसमध्ये १९५९ सालीच सापडलं. बहुतेकदा ती पेशी तयार होताना योगायोगाने येते. खालानं इतकी वर्षं बोलणी खाल्ली ती फुकट.

ही मुलं ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकतात. स्नायू सैल, तोल कच्चा, म्हणून रोज तोच व्यायाम. त्याला कुणीही कंटाळेल. तैवानमधला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डाऊन सिंड्रोम असलेल्या १०५ मुलांपैकी काहींना नेहमीची ऑक्युपेशनल थेरपी दिली, काहींना निंटेंडो वीवरचे खेळ. थेरपी न मिळालेल्या मुलांपेक्षा दोन्ही गट पुढे गेले, आणि हालचालींत जास्त फरक खेळणाऱ्यांत दिसला. वी म्हणजे हेडसेट नव्हे हं. समोर टीव्ही, हातात रिमोट.

मी मात्र हुरळून थेट हेडसेटच आणला. रस्ता ओलांडायचा सीन बनवला. त्यानं दहा सेकंदांत तो काढून फेकला. ‘अंधार,’ म्हणाला. नंतर फिजिओथेरपिस्टनं मला चांगलंच झापलं: या मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात, डॉक्टरांना न विचारता अर्ध्या किलोचं ओझं ठेवलंच कसं?

मग टीव्हीवर आलो. वेग कमी केला, बोललेल्या सूचना काढून चित्रं टाकली. तो चुकला की गाडी आपोआप थांबायची. खालानं पाहिलं आणि विचारलं, ‘बेटा, खरी गाडी अशी थांबेल का?’ मी इंजिनिअर, पण हे सुचलं तिला! आता चूक झाली की सीन गोठतो आणि तो पुन्हा फुटपाथवर येतो.

स्क्रीनवर जमलं म्हणजे रस्त्यावर जमतंच असं नाही. म्हणून दर जुम्म्याला आम्ही मशिदीपर्यंत चालत जातो. ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी कोड माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत.

गेल्या जुम्म्याला कोपऱ्यावर त्यानं माझा हात मागे खेचला. रिक्षा येत होती. मी मोबाइल बघत होतो.