मुदत संपल्यानंतरची खुर्ची



आषाढी पौर्णिमेस विहारात जे बोललो, तेच येथे लिहून देत आहे. श्रोते समोर होते तेव्हा काँगो देश नकाशावर दाखविता आला. येथे एवढेच सांगतो की, किन्शासा ही ज्याची राजधानी, त्या काँगोविषयी मी बोलत आहे. नदीच्या पैलतीरावरील, ब्राझाव्हिल राजधानी असलेला काँगो निराळा. तेथील अध्यक्षांनी तर २०१५ साली घटनाच बदलून आपला मार्ग मोकळा करून घेतला.

१ फेब्रुवारी २०१७ रोजी ब्रुसेल्स शहरी एतियेन चिसेकेदी हे वयोवृद्ध विरोधी पुढारी निवर्तले. मोबुटूच्या हुकूमशाहीशी आणि पुढे कबिला पितापुत्रांच्या राजवटींशी झगडण्यात त्यांचे आयुष्य गेले. दफन कोठे व कसे व्हावे यावर सरकार, पक्ष आणि कुटुंब यांचे जुळेना. त्यांचे शव मायदेशी पोहोचले ते ३० मे २०१९ रोजी, म्हणजे तब्बल दोन वर्षे चार महिन्यांनी. ज्या सत्तेला पुढाऱ्याचे प्रेतही अडचणीचे वाटते, तिला परदेशातील आपल्या जिवंत नागरिकांचा आवाज किती सलत असेल, याचा आपणच विचार करावा.

हा आवाज कशासाठी उठला होता? मोबुटूने बत्तीस वर्षे राज्य केले होते. त्या अनुभवाने पोळलेल्या लोकांनी २००६ च्या राज्यघटनेत लिहून ठेवले की, अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची असेल आणि ती फक्त एकदाच पुन्हा मिळू शकेल. एवढ्यावर न थांबता कलम २२० मध्ये असेही बांधून ठेवले की, या मुदतीला घटनादुरुस्तीनेसुद्धा हात लावता येणार नाही. जोसेफ कबिला हे पित्याच्या खुनानंतर जानेवारी २००१ मध्ये सत्तेवर आले. २००६ व २०११ या दोन्ही निवडणुकांत ते विजयी ठरले. १९ डिसेंबर २०१६ रोजी त्यांची दुसरी मुदत संपत होती.

आता पाहा, त्यांनी घटनेचे एक अक्षरही खोडले नाही. केवळ निवडणूक घेतली नाही! जानेवारी २०१५ मध्ये, आधी जनगणना व मग मतदान, अशा अर्थाचे विधेयक आले. लोक रस्त्यावर उतरले, कित्येक मारले गेले, तेव्हा सिनेटने ती अट काढून टाकली. मग मतदारयाद्या अपुऱ्या, पैसा नाही, अशा सबबी निघाल्या. मे २०१६ मध्ये घटना-न्यायालयाने निर्वाळा दिला की, नवा अध्यक्ष निवडून येईपर्यंत जुनाच राहील. लोकांनी या प्रकारास फ्रेंच भाषेतील ‘ग्लिसमां’ हे नाव दिले. त्याचा अर्थ घसरणे, सरकणे. भाडेकरूने करारनाम्यात खाडाखोड केली नाही. घरमालकाला नवा करार लिहूच दिला नाही, असा हा मामला आहे.

ब्रुसेल्समध्ये मातोंगे नावाची एक वस्ती आहे. किन्शासातील एका वस्तीचेच नाव तिला मिळालेले आहे. तेथील आणि पॅरिस, लंडन येथील काँगोवासीयांची स्थिती विचित्र होती. परदेशातून मतदान करण्याची सोय त्यांना नव्हती. ज्यांनी पोटासाठी व सुरक्षेसाठी बेल्जियमचे नागरिकत्व घेतले, त्यांचे काँगोचे नागरिकत्व कायद्याने गेले. कारण तेथील घटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आणि तोंड उघडले की ऐकावयाचे काय, तर तुम्ही परक्यांची भाकरी खाता, तुम्हांला घरच्या कारभारात बोलण्याचा अधिकार कोणता?

हा आक्षेप आपल्याला नवा नाही. लंडनच्या गोलमेज परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या हक्कांची मागणी केली, तेव्हा त्यांना देशद्रोही म्हणणारे थोडे नव्हते. ज्याला घरात बोलू दिले जात नाही, तो ओसरीवरून बोलतो. त्यात घराचा द्रोह कसला?

तरीही ते बोलले. मार्च २०१५ मध्ये किन्शासात ‘फिलिंबी’ या तरुणांच्या चळवळीचा आरंभ होताच धरपकड झाली; सेनेगाल व बुर्किना फासो येथून आलेले पाहुणेसुद्धा सुटले नाहीत. फिलिंबी म्हणजे शिट्टी. निसटलेल्या संस्थापकांनी बेल्जियममधून ती शिट्टी वाजवीत ठेवली. जून २०१६ मध्ये ब्रुसेल्सजवळील झांव्हाल या गावी विरोधी पक्ष चिसेकेदींभोवती एकत्र आले. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसजवळ नागरी कार्यकर्त्यांनी जाहीरनामा काढला. त्याचे नाव ‘एसिली’. लिंगाला भाषेत याचा अर्थ ‘संपले’ असा होतो.

या चळवळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परदेशातील काही गट स्वतःस ‘लढवय्ये’ म्हणवीत. त्यांनी सत्तेशी जवळीक असल्याच्या आरोपावरून गायकांच्या मैफली उधळल्या आणि २०११ च्या अखेरीस पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर सिनेटचे अध्यक्ष केंगो वा दोंदो यांना मारहाण केली. हे मला मान्य नाही. वृद्ध माणसाला फलाटावर मारल्याने किन्शासातील कोणाची खुर्ची हलली? आणि खरी किंमत मोजली ती देशातील लोकांनीच. सप्टेंबर २०१६ मध्ये पन्नासाहून अधिक माणसे मेली. पुढे कॅथलिक गृहस्थाश्रमी मंडळींच्या समितीने चर्चमधून मोर्चे काढले. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी रॉसी मुकेंदी हा तरुण कार्यकर्ता चर्चच्या आवारातच गोळीने ठार झाला. अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये कबिला यांनी आपण उभे राहणार नसल्याचे दर्शविले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी भिक्षुसंघाच्या सभानियमांची आठवण करून दिली होती. तथागतांनी महापरिनिर्वाणसमयी कोणासही गादीवर बसविले नाही. आपल्यानंतर धम्म हाच शास्ता, असे त्यांनी आनंदास सांगितले. माणूस जातो, नियम राहतो, ही व्यवस्था त्यांनी स्वतःपासून सुरू केली.

काँगोत पुढे काय झाले? डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत एतियेन यांचे पुत्र फेलिक्स चिसेकेदी यांना विजयी घोषित करण्यात आले. चर्चने सुमारे चाळीस हजार निरीक्षक नेमले होते. जाहीर निकाल आमच्या आकड्यांशी जुळत नाही, असे धर्मगुरूंनी स्पष्ट सांगितले. फेलिक्स हे स्वतः अनेक वर्षे ब्रुसेल्समध्ये राहिलेले. त्यांच्याच कारकीर्दीत, डिसेंबर २०२३ मध्ये, बेल्जियम, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका, अमेरिका व कॅनडा या पाच देशांतील काँगोवासीयांनी प्रथमच मतदान केले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांची दुसरी मुदत सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किसांगानी येथे त्यांनी जाहीर केले की, ही घटना परक्यांनी परदेशात लिहिलेली आहे, ती बदलण्यासाठी आयोग नेमावयाचा आहे. परदेशात राहून ज्या कलमासाठी त्यांच्या पित्याचे सोबती झगडले, ते कलम २२० याच घटनेत आहे.