तिसरा पाय
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, इंदूर येथे झालेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या ध्येयधोरणांवर बोलावे अशी रीत आहे. ते काम माझ्याहून अधिकारी मंडळींनी आधीच केले आहे. कार्यवाह मला म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षे आपल्या समारंभांचे फोटो काढता, तर त्याविषयीच चार शब्द सांगा." म्हणून मी आज एका काठीविषयी बोलणार आहे. (हशा)

प्रथम माझ्या हातून झालेली एक चूक कबूल करतो. आजच्या स्मरणिकेत वसतिगृहाच्या इतिहासाचे पान आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मुलांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आपल्या काकूंचे नाव त्यावर आहे, चित्र मात्र नाही. त्यांचा सत्कार याच सभागृहात झाला आणि त्या दिवशी कॅमेरा माझ्याच हाती होता. फ्लॅश चमकला की त्या डोळे मिटून घेत, म्हणून मी मागच्या रांगेतून, लांब पल्ल्याची लेन्स लावून, दिव्यांच्या उजेडातच फोटो घेतले. घरी येऊन पाहतो तो चेहरा, नारळ, शाल, सारेच पुसट! पुढे केव्हातरी निवांत काढू असे मनाशी म्हटले. ते 'पुढे' आलेच नाही. वर्षाच्या आत काकू गेल्या. फोटो काढून घेण्याची त्यांना हौस नव्हती. दुसरा कोणाकडेही नाही.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. उजेड कमी असला की शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्या वेळात हात हलतो. जुना ठोकताळा असा आहे : २०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून काढायची, तर शटरचा वेग निदान १/२०० सेकंद हवा. त्या दिवशी माझा वेग होता १/४०. मग चित्र स्थिर येणार कसे?

यावर तिपाईचा उपाय जुना आहे. आपल्या इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळी काचेच्या पट्ट्यांचे अवजड कॅमेरे असत; त्यांना तीन पायांवाचून गत्यंतर नव्हते. परंतु भरल्या सभागृहात तिपाई मांडली की तिघांची जागा अडते आणि एखादे आजोबा अडखळतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या गर्दीत तर ती उघडणेच अशक्य. कापडगिरण्या थंडावल्या तरी त्या मिरवणुकीची गर्दी ओसरलेली नाही, हे आपण जाणताच.

अशा ठिकाणी ही एकपायी काठी, म्हणजे मोनोपॉड, कामास येते. नळीत नळी सरकवून ती हात-दीड हात लांबीची होते, पिशवीत मावते. हलक्या जातीची वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास असते. वरच्या टोकाचा स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी बसतो. मोबाइलसाठीही वेगळी पकड मिळते. आपले दोन पाय आणि हा तिसरा, मिळून माणसाचीच तिपाई होते.

ती वापरण्याची रीत अशी. नळ्या ओढताना वरच्या जाड नळ्या आधी काढाव्या. सर्वांत खालची बारीक नळी गरज पडली तरच, कारण डगमगते तीच. कॅमेरा डोळ्याच्या उंचीला यावा. पाठीला वाक नको. पाय खांद्याइतके फाकवावे, काठीचे टोक वीतभर पुढे टेकवावे आणि अंगाचा थोडा भार तिच्यावर द्यावा. डाव्या हाताने कॅमेरा हलकेच खाली दाबावा, कोपरे अंगाशी ठेवावी. श्वास सोडावा आणि बटण दाबावे. हिसका देऊ नये. एकाऐवजी लागोपाठ तीन फोटो घ्यावे, त्यांतला एक तरी चांगला निघतो. फरशीवर टोकाला रबरी बूच असावेच. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढू नये, कारण ही काठी आपण सोडली की उभी राहत नाही.

एवढे केले म्हणजे १/२०० च्या जागी १/५०, आणि हात बसल्यावर १/२५ सेकंदालाही फोटो स्पष्ट येऊ लागतात. मात्र तिच्याकडून भलती अपेक्षा करू नये. ती आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवीत नाही. मुलींचे लेझीम टिपायचे तर शटर वेगानेच चालले पाहिजे. रात्री दोन-चार सेकंद शटर उघडे ठेवून रोषणाई टिपायची असेल, तर तेथे तिपाईच हवी.

ज्यांना खर्च नको त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती सांगतो. कॅमेऱ्याच्या तळाला बसेल असा पाव इंची आखूड स्क्रू घ्यावा, त्याला दोरी बांधावी, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ताणून धरावा. काठीइतका नाही, तरी बराच आधार मिळतो. स्क्रू मात्र लांब असता कामा नये आणि तो जोराने पिळू नये, नाहीतर कॅमेऱ्याचा तळ बिघडेल.

मंडळी, फोटो ही आज दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही; प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. परंतु आपल्या संस्थेच्या दप्तरात जे फोटो जातात ते पुढल्या पिढीला नातवाने आजीला ओळखावे म्हणून जातात, आणि आजी काही दुसऱ्यांदा सत्कार घ्यायला येत नाही. माझी काठी मी आजपासून कार्यालयाच्या कपाटात ठेवीत आहे. ज्या मुलामुलींना कार्यक्रमांचे फोटो काढायचे असतील त्यांनी ती खुशाल न्यावी. रविवारी सकाळी मी येथे असतो, वापरायला शिकवीन. पहिला धडा म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जावे. आज पोळ्या करणाऱ्या मावशींचा फोटोही अजून आपल्या दप्तरात नाही.