धूर दिसतो, काम दिसत नाही

(सोलापूर येथे डासनिर्मूलन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



१९७३ साली आपल्याच जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. शंभरातील सुमारे ३७ माणसे तिच्या तडाख्यात सापडली. पुढे तीन दशके हा रोग देशातून जणू अंतर्धान पावला आणि समाज त्याला विसरला. २००५-०६ साली तो परतला, तेव्हा त्या विस्मृतीचे मोल महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी मोजले.

हिवतापाची कथाही अशीच आहे. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत ही संख्या लाखावर आली. विजय झाला असे मानून आपण सैल पडलो. इकडे डासांना डीडीटी पचू लागले. १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. एकाच शस्त्रावर विसंबणाऱ्या सेनेची जी गत होते, तीच आपली झाली.

कापसावरील बोंडअळीने शेतकऱ्याला हाच धडा दिला. म्हणून त्याने कामगंध सापळे, निंबोळी अर्क आणि मित्रकीटक यांची कास धरली. आधी निरीक्षण, मग नैसर्गिक उपाय आणि औषध अखेरीस, हेच एकात्मिक कीडनियंत्रण. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील नडियाद परिसरात १९८३ पासून डासांविरुद्ध याच मार्गाचा प्रयोग झाला. डबकी बुजवली, पाण्यात मासे सोडले, गावकऱ्यांना सोबत घेतले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही एकात्मिक कीटकनियंत्रणाचे धोरण मांडले.

आता सोलापूरचे पाहू. उजनीसारखे धरण असूनही या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी भरले आहे. म्हणून घरोघरी हौद, रांजण आणि पिंपे आहेत. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमके असेच स्वच्छ साठवलेले पाणी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, भिंत घासावी लागते. आपल्याकडे कोरडा दिवस पाळायचा तर तो नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा हौद तळाला गेलेला असतो आणि गृहिणीलाही पाणी वाया गेल्याची हळहळ वाटत नाही.

धुराच्या यंत्राचे काय? तो धूर उडते डास मारतो, हौदातील अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. तरी वस्तीतून मागणी होते ती धुराचीच. कारण धूर दिसतो. प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हाती म्हणून यंत्राआधी विजेरी आणि वही हवी. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहणारी अळी अ‍ॅनॉफिलीसची. डोके खाली करून लोंबकळणारी एडिस वा क्युलेक्सची, हे त्याला ओळखता यावे. किती घरे पाहिली आणि किती घरांत अळ्या सापडल्या, याची नोंद व्हावी. बांधकामावरील टाक्यांत गप्पी मासे सोडावेत. नैसर्गिक तलावात मात्र परके गॅम्बुसिया मासे सोडू नयेत, ते स्थानिक माशांची अंडी व पिल्ले फस्त करतात. टेमीफॉस वापरायचे ते मोजून, हातमोजे घालूनच.

आणखी एक गोष्ट. पूर्व भागातील विणकर आणि विडी कामगार भगिनींच्या घरी तेलुगू बोलली जाते. तिथे दोन शब्द तेलुगूत बोलणाऱ्याला दार लवकर उघडते. विश्वास हेही आपले एक साधन आहे.

प्रशासनाने या कर्मचाऱ्यांना वेळेवर वेतन, संरक्षक साधने आणि दरवर्षी प्रशिक्षण द्यावे. नागरिकांनी त्यांना उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेवू नये. साथ आल्यावर धावपळ करणाऱ्यांचे कौतुक सगळेच करतात. साथ येऊच न देणाऱ्याची बातमी होत नाही. पत्रकार म्हणून सांगतो, न छापली गेलेली ती बातमी हेच तुमच्या कामाचे खरे यश आहे.