दरवर्षीची सुई कशासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या घरी पावसाळ्याची तयारी वैशाखातच सुरू होते. पापड-कुरडया होतात, डाळी उन्हे खाऊन डब्यात जातात. त्याच यादीत आणखी एक काम घालावे, एवढेच सांगायला मी उभी आहे. ते काम म्हणजे फ्लूची लस.

फ्लू म्हणजे नुसते पडसे नव्हे. १९१८ साली ही साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. म्हातारी माणसे, लहान मुले, दमेकरी, मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांना हा आजार आजही जड जातो.

"देवीची लस वर्षानुवर्षे पुरत असे, मग ही दरवर्षी का?" असे पुष्कळजणी विचारतात. देवीच्या विषाणूचे रूप फारसे बदलत नसे. फ्लूचा विषाणू मात्र बहुरूपी आहे. त्याने सोंग पालटले की शरीराची जुनी ओळख कामाला येत नाही. शिवाय लशीचा जोरही काही महिन्यांनी ओसरतो. म्हणून कोणती सोंगे हिंडत आहेत यावर जगभरच्या प्रयोगशाळा नजर ठेवतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्थाही त्यांत आहे. त्यावरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत काय असावे ते सुचवते.

"लशीनेच फ्लू होतो" हा दुसरा समज. दंडात टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. हात दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. पण तो फ्लू नव्हे. लस घेऊनही काहींना फ्लू होतो हे खरे. मात्र तो बहुधा सौम्य असतो आणि इस्पितळाची पाळी कमी येते. लशीचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस लागण्यापूर्वीच ती घ्यावी.

आता एक शब्द सासूबाईंसाठी. "दिवस गेलेत, सुई नको" असे म्हणून सुनेला अडवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली, तर तिची प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते. एका सुईत दोन जिवांचे रक्षण होते!

डॉक्टरांचा सल्ला घ्या. पूर्वी लशीचा जोराचा त्रास झाला असेल तर त्यांना सांगा. खर्चाची अडचण असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. आणि घरातल्या सर्वांना टोचून झाले की आपलाही दंड पुढे करा. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाईच अंथरुणाला खिळली, तर घराने कोणाकडे पाहावे?