सहार विमानतळावरची लाल वाट

अंधेरीच्या सहार विमानतळावर परदेशातून उतरलेल्या प्रवाशापुढे दोन वाटा असतात;
हिरवी, म्हणजे शुल्कपात्र काहीही नसलेल्यांची,
आणि लाल, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांची.

व्हिस्की, वाइन, बिअर मिळून 2 लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त असते,
आणि आगमनकक्षातील ड्युटी फ्री दुकानात घेतलेली बाटलीही त्यातच मोजली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.
2 लिटरांहून अधिक असेल, तर लाल वाटच धरावी.

1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम 77 सामानाची घोषणा बंधनकारक करते;
कलम 80 मात्र प्रामाणिक प्रवाशाला मोठाच दिलासा देते,
कारण खरी घोषणा केलेली शुल्कपात्र वस्तू अधिकारी विनंतीवरून ठेवून घेऊन भारत सोडताना परत देऊ शकतात.
लपवलेल्या बाटलीला ही सवलत नाही.