रस्ता मोजायला टेप घ्या



लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली फय्याजुद्दीन या रचनाकारानं ती आखली, तेव्हा गाडी म्हंजे बैलगाडी. आज तिथं कोंडी झाली की पहिली उचलली जाते आपल्या मावशीची भाजीची पाटी. दुकानापुढं उभी शेठजीची मोटार मात्र अडचण नसते!

२०१४ चा फेरीवाला कायदा सांगतो, हलवायच्या आधी तीस दिवसांची नोटीस द्या. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते, त्यांत एक तृतीयांश बाया, अनुसूचित जातींनाही जागा. आपल्या गावात ही समिती कुठं बसते, इचारलं का कुणी?

नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दीसाठी रस्ते रुंद झाले. बरं झालं. पण इंडियन रोड काँग्रेस चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी वाट द्या म्हणते. टेप घेऊन मोजा.

गाड्या बंदच करा, असं मी म्हणत नाही. हमालाचं पोट मालावर आहे, म्हाताऱ्याला रिक्षा लागते. माल सकाळी उतरू द्या, दिवसा पाय चालू द्या. पाटीही वाटेच्या मधोमध नको. आंधळ्यानं कुठून जावं?

आणि तुम्ही? मोटारसायकली कुठं लावून आलात?