पडद्यामागचा दुसरा पट



गोव्यातील जमिनीचा नमुना १ व १४ आणि सर्वेक्षणाचा नकाशा आता संगणकावर पाहता येतो. पेडण्यात मोपचा विमानतळ २०२३ साली सुरू झाला, डिचोलीत खाणी आहेत. या तालुक्यांत हद्दीच्या एका रेषेस काय मोल आहे, हे सांगावयास नको. असा नकाशा खिडकीत सरकविताना पडदा लुकलुकला व रेषा क्षणभर अर्धीच दिसली, तर खातेदाराच्या मनात शंका उत्पन्न होते. वस्तुतः नोंद अबाधित असते. दोष चित्र उमटविण्याच्या रीतीचा असतो.

पडद्यावरील चित्र स्मृतीतील एका पटावरून साधारणतः सेकंदास ६० वेळा वाचले जाते. त्याच पटावर जुने पुसून नवे काढू लागल्यास अपुरे काम दृष्टीस पडते. जत्रेच्या नाटकात पडदा पाडून मागे देखावा मांडतात, तद्वत येथे दुसरा पट घेऊन चित्र तेथे पूर्ण करतात व मगच पुढे आणतात. यासच डबल बफरिंग म्हणतात. (दशावताराचे एका बाकावर भागते, ती कला संगणकास साधलेली नाही.)

मात्र दुसऱ्या पटाने काम वाढते. १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचा पट, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास, ३१,४५,७२८ बाइटांचा होतो. दर हालचालीस तो सबंध उतरविणे म्हणजे एका वाफ्यासाठी सगळे खाजन नांगरणे होय. बदललेला चौकोनच नव्याने काढावा. नकाशा डावीकडे सरकला, तर असलेला भाग तसाच ढकलून उजवीकडील पट्टी तेवढी रेखाटावी.

पट कोठे ठेवावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत आरंभ झालेल्या एक्स विंडो प्रणालीत कार्यक्रम एका यंत्रावर व पडदा दुसऱ्यावर असू शकतो. शाळेतील जुनी यंत्रे एका मुख्य संगणकास जोडल्यास असेच घडते. पट कार्यक्रमापाशी असेल, तर सगळे चित्र तारेतून जाते. सेकंदास १०० मेगाबिटच्या तारेवर त्यास सुमारे पाव सेकंद लागतो. पट पडद्याच्या यंत्रात असेल, तर रेषा व अक्षरे काढण्याच्या आज्ञाच जातात.

पटांची अदलाबदल दोन वाचनांमधील विरामात व्हावी. अन्यथा वरचा भाग जुना व खालचा नवा दिसून हद्द मध्येच तुटल्याचा भास होतो. सर्व्हे क्रमांकांचे आकडेही दर वेळी नव्याने घडवू नयेत. नकाशावर तेच दहा आकडे शेकडो वेळा येतात. एकदा घडविलेले आकार जपून तेच वापरावेत.